दकापलीसच्या आधी घर : कळव्यातलं एक प्रकरण

दारू सोडू पाहणाऱ्या एका ख्रिस्ती माणसाचं हे प्रकरण. त्याने हे लिखाण दोनदा वाचलं आहे. पहिल्या वाचनात त्याने दोन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या. एके जागी त्याला सांभाळून घेण्यासाठी मी 'सगळं सांगितलं नाही' असं लिहिलं होतं. त्याने ते खोडून 'खोटं बोललो' असं लिहायला लावलं. दुसरी खूण बायकोसंबंधीच्या मजकुरावर होती, ती तिला विचारूनच मिटवली. नावं मी कुणाचीच देत नाही, त्याचं नाही, मंडळीचं म्हणजे आमच्या चर्चचं नाही, कंपनीचंही नाही. ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. बाकी घडलं तसं.

मी मनोरुग्णांच्या विभागात समाजसेविका म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर आठवड्यातले दोन दिवस ठाण्यातल्या आमच्या मंडळीच्या बाजूच्या खोलीत बसते. लोक येतात, बोलतात. तो लहानपणी माझ्याकडे संडे स्कूलला होता आणि अजून मला 'बाई' म्हणतो. हे आधी सांगते, कारण या प्रकरणात मी बाहेरून बघणारी नाही. त्यातली एक मोठी चूक माझी आहे.

माणूस आणि त्याची नावं

२०२३ मध्ये तो ३६ वर्षांचा होता. आई, बायको आणि आठ वर्षांची मुलगी यांच्यासोबत कळव्यात राहायचा. रबाळे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा ऑपरेटर होता, काम तीन पाळ्यांत. घराणं मूळ नगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केलं आणि पुढच्या काळात गावोगावच्या महारवाड्यांतली जी कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यांतलं हे एक. आजोबा पाळक होते. सायकलवरून खेडोपाडी जाऊन उपासना घ्यायचे, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटीवर म्हणायचे. १९७२ च्या दुष्काळात वडील पोटासाठी ठाण्याला आले आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागले.

वडील प्यायचे. मला ठाऊक होतं, मंडळीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं, पण पाळकसाहेबांच्या मुलाबद्दल असं बोलणार कोण? २०१४ मध्ये ते यकृताच्या आजाराने गेले. पोटात पाणी झालं होतं, डोळे पिवळेधमक. दफनविधीत 'दीर्घ आजाराने' एवढंच म्हटलं गेलं. त्याने मला खूप नंतर सांगितलं की बापाच्या कबरीत मूठभर माती टाकताना त्याच्या स्वतःच्या पँटच्या खिशात क्वार्टर होती.

मंडळीत त्याला 'पाळकसाहेबांचा नातू' म्हणायचे. लग्नात, नाताळात, कुणी नवं माणूस भेटलं की ओळख अशीच व्हायची. कंपनीत त्याला नुसत्या आडनावाने हाक मारत. आडनाव असं की नगरकडे हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती तिघांतही सापडेल; त्यामुळे कुणी विचारलं नाही आणि यानेही सांगितलं नाही. बारा वर्षं खंडेनवमीला मशीनला हार घातला, आरतीत टाळ्या वाजवल्या. यात नुसता भित्रेपणा होता असं मला वाटत नाही. आपल्याकडे या लपवण्याला इतिहास आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे सवलती फक्त हिंदूंना होत्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आलेच नाहीत. त्यामुळे नगरच्या कितीतरी घरांत एका भावाच्या दाखल्यावर एक धर्म आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर दुसरा अशी वेळ आली. कुणासमोर काय बोलायचं नाही, हे या घरांतली मुलं पाढ्यांच्या आधी शिकतात. हाही शिकला. दारू लपवायची वेळ आली तेव्हा ती सवय हाताशी तयारच होती.

तिसरी ओळख ठाणे स्टेशनजवळच्या देशीच्या बारमधली. तिथे त्याला कुणी नावानेच ओळखत नव्हतं. त्याला ते सर्वांत सोपं वाटायचं.

तिसरी रात्र

२०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत प्रमाण दिवसाला तीन क्वार्टरवर गेलं होतं. पहिल्या पाळीला हात इतके थरथरायचे की व्हर्नियरचे, म्हणजे मापं घ्यायच्या साधनाचे, जबडे जॉबवर नीट बसत नसत. शेजारच्या मशीनवरच्या पोराकडून तो मापं घेऊन यायचा आणि स्वतःच्या नावाने लिहायचा.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला तशी आईने त्याला शपथ घातली. रविवारी, २६ फेब्रुवारीला रात्री त्याने शेवटची घेतली आणि सोमवारपासून घरीच बसायचं ठरवलं. उपास-प्रार्थनेच्या गटातले पाच जण आलटूनपालटून घरी बसले. चांगली माणसं ती. कामावर रजा टाकून आली होती. दाराला बाहेरून कडी घातली, आत प्रार्थना चालू राहिली.

मंगळवारी रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागला. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. अंगाला दरदरून घाम, बनियन पिळून काढावं असं. मग उजव्या हाताचं बोट हवेत दाबायला लागला, पुन्हा पुन्हा, एकाच जागी. आईला वाटलं कुणाला तरी बोलावतोय. तो मशीनच्या पॅनलवरचं 'सायकल स्टार्ट'चं बटण दाबत होता. जॉब फिरत नाही म्हणून चिडत होता. गटातल्या एका काकांनी पाय धरले आणि दुष्ट आत्म्याला येशूच्या नावाने निघून जायची आज्ञा द्यायला सुरुवात केली. पहाटे तीनला त्याच्या बायकोने मला फोन केला. मी म्हटलं, रिक्षा बघ, थांबू नकोस, मी निघते.

हे नीट समजावून सांगायला हवं, कारण अशी रात्र आमच्याच नाही, सगळ्या धर्मांच्या घरांत होते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीवर मात करण्यासाठी सतत चढ्या गतीने चालत असतो. दारू एकदम तोडली की गुंगी उतरते, गती मात्र तशीच राहते. मग हातापायांची थरथर, घाम, झोप उडणं. पहिल्या सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतात, भास दिसतात, ताप चढतो, रक्तदाब वर जातो. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. इलाज अवघड नसतो. गुंगीच्या औषधाचा डोस रोज थोडा थोडा उतरवत न्यायचा, थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं द्यायची, पाणी आणि क्षार सांभाळायचे. पण हे डॉक्टरच्या देखरेखीखाली व्हावं लागतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला घरात कोंडून एका दिवसात सोडायला लावणं हा जिवाशी खेळ आहे, मग बाहेर प्रार्थना चालू असो की भजन.

नऊ दिवस तो रुग्णालयात होता. पाय धरणारे काका रोज संध्याकाळी पेज घेऊन यायचे.

साक्ष

आमच्याकडे उपासनेत किंवा कुणाच्या घरच्या कॉटेज मीटिंगमध्ये माणूस उभा राहतो आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतो. ही साक्ष. मराठी ख्रिस्ती जीवनातली ही फार मोलाची रीत आहे असं मी आजही मानते. शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारी साक्ष द्यायला उभी राहिली की पाळकही खाली मान घालून ऐकतात.

९ एप्रिल २०२३, पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर. त्याच्या शेवटच्या घोटाला बेचाळीस दिवस झाले होते. पहाटेच्या उपासनेत त्याने साक्ष द्यावी असं मी सुचवलं. तो म्हणाला, "बाई, अजून थोडं थांबू का?" मी म्हणाले, "देवाला मान द्यायला थांबायचं कशाला?"

मी आयुष्यभर रुग्णांबरोबर काम केलं होतं. बेचाळीस दिवस म्हणजे किती कोवळे दिवस ते मला माहीत होतं. तरी मी हे वाक्य बोलले, कारण मलाही तो चमत्कार सर्वांना दाखवायचा होता.

तो बोलला आणि लोक रडले. त्यानंतर बोलावणी सुरू झाली. कळवा, दिघा, अंबरनाथ, एकदा पुण्याला दोन दिवसांच्या मेळाव्यात. आता ओळख बदलली. पाळकसाहेबांचा नातू मागे पडला आणि 'दारूतून सुटलेले ब्रदर' आले. प्रत्येक ठिकाणी साक्ष थोडी थोडी बदलत गेली. तीन क्वार्टरच्या पाच झाल्या. रुग्णालयातले नऊ दिवस दोन वाक्यांत उरकले जाऊ लागले, मग एका वाक्यात, मग ते गळूनच गेले. उरलं ते एवढंच की तीन रात्री प्रार्थना झाली आणि प्रभूने सोडवलं. मे महिन्यात कुणीतरी त्याला विचारलं, "सुटलात ना? मग गोळ्या कशाला? विश्वास कमी पडतोय का?" त्याने गोळ्या बंद केल्या आणि डॉक्टरकडे जाणंही सोडलं.

जूनच्या मध्यावर, तिसरी पाळी करून सकाळी तो रबाळ्याहून ठाण्याला आला. पहिल्या पावसाने कपडे ओले, पोटात रात्रीपासून काही नाही. नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून कळव्याची गाडी धरायला निघाला आणि पाय बाहेर वळले. बारच्या दारात त्याने फोन काढला होता. यादी वर-खाली केली. "बाई, ज्याला फोन करीन तो माझी साक्ष ऐकलेला होता," असं त्याने मला सांगितलं. "त्याला काय सांगणार होतो?" फोन खिशात टाकून तो आत गेला.

जून ते डिसेंबर तो पीत राहिला. त्या काळात त्याने आणखी चार ठिकाणी साक्ष दिली. चारही वेळा खोटं बोललो, असं त्याने स्वतःच्या अक्षरात माझ्या कच्च्या मसुद्यावर लिहिलं आहे.

क्रूस

आमच्या बायकांच्या मंगळसूत्रात काळे मणी असतात आणि वाट्यांच्या जागी बहुधा सोन्याचा क्रूस. ऑक्टोबरमध्ये पॉलिशला देतो म्हणून त्याने बायकोचं मंगळसूत्र नेलं. सोनाराच्या दुकानात जाण्याआधी एका रसवंतीच्या बाकावर बसून नोज प्लायरने कडी उघडली, क्रूस काढून घेतला आणि उरलेलं गहाण ठेवलं. क्रूस व्हर्नियरच्या डब्यात, स्क्रू-ड्रायव्हर ठेवायच्या छोट्या खाचेत ठेवला. डबा रोज कामावर जायचा आणि घरी यायचा.

२ डिसेंबरला शनिवारी मुलीला शाळेच्या कामासाठी मोजपट्टी हवी होती. तिच्या आईने, म्हणजे त्याच्या बायकोने, डबा उघडला.

संध्याकाळी ती तो डबा घेऊन माझ्याकडे आली. रडली नाही. डबा टेबलावर ठेवला, झाकण उघडलं, माझ्याकडे फिरवला. म्हणाली, "बाई, हा ठेवला कशाला यांनी? विकला असता तर मला कळलं तरी असतं की हे कुठे आहेत." दुसऱ्या दिवशी नाताळाच्या आधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार होता. तो उपासनेला आला नाही. सोमवारी सकाळी दोघं आली. त्याच्या तोंडाला वास होता. मी त्याला तोच प्रश्न विचारला, क्रूस का ठेवलास? बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "टाकवला नाही. आणि घरात ठेवायला तोंड नव्हतं. तो डबा तेवढा माझा आहे."

त्या दिवशी मी उपदेश केला नाही, प्रार्थनाही मोठ्याने केली नाही. आधी रुग्णालयात जायचं, या वेळी रीतसर, असं ठरलं. ४ डिसेंबर २०२३ हा त्याचा दुसरा पहिला दिवस.

घर

जानेवारीत तो दर शुक्रवारी माझ्याकडे येऊ लागला. एका शुक्रवारी आम्ही मार्काच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचायला घेतला. गरसेकरांच्या प्रांतातला कबरांमध्ये राहणारा माणूस. साखळदंड तोडणारा, रात्रंदिवस ओरडणारा. वाचत होता तोच. दगडांनी स्वतःलाच ठेचून घेतो, या ओळीवर थांबला. विचारलं, "बाई, बांधणारे दुसरे होते. मग हा स्वतःला का मारतो?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पुढे वाच म्हटलं.

येशू त्याला नाव विचारतो तेव्हा तो 'सैन्य' असं सांगतो, आम्ही पुष्कळ आहोत म्हणून. वाचणारा यावर काहीच बोलला नाही, फक्त बोट त्या शब्दावर ठेवून बसला. शेवटी माणूस शुद्धीवर आलेला, कपडे घालून बसलेला आहे. त्याला येशूबरोबर नावेत बसून जायचं आहे. येशू त्याला येऊ देत नाही. घरी, आपल्या माणसांकडे जा आणि त्यांना सांग, असं म्हणतो. पुढच्या ओळीत तो दकापलीस प्रांतभर सांगत सुटल्याचं येतं. दकापलीस म्हणजे दहा नगरं.

मी हा उतारा किती वेळा शिकवला असेन. त्या शुक्रवारी मला पहिल्यांदा दिसलं की आम्ही काय केलं होतं. आधी घर होतं. आम्ही त्याला सरळ दकापलीसला पाठवलं. मी त्याला तसं सांगितलं आणि त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मलाही घरापेक्षा ते सोपं वाटत होतं, बाई."

मग घर सुरू झालं. त्याने वहीत सहा जणांची यादी केली: बायको, आई, बहीण, मुलगी, सुपरवायझर, पाळक. प्रत्येकाला काय सांगायचं ते आधी लिहायचं, मला किंवा एएमधल्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटातल्या, त्याच्या सोबत्याला वाचून दाखवायचं, मग जायचं.

आईचा दिवस मला सविस्तर कळला आहे. दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. त्याने समोर बसून पहिल्या घोटापासून सांगायला सुरुवात केली, आयटीआयच्या दुसऱ्या वर्षापासून. तिने मान वर केली नाही, खडे काढत राहिली. त्याचं संपलं तेव्हा ती म्हणाली, "तुझे पप्पापण असेच बसायचे, सांगतो सांगतो म्हणायचे, आणि मी उठून जायचे. बाळा, मी उठून जायला नको होतं." नवरा जाऊन दहावं वर्ष चालू होतं. त्या घरात ही गोष्ट पहिल्यांदा बोलली गेली.

सुपरवायझरचं दहा मिनिटांत झालं. त्याला मापांचं माहीत होतं. सहा महिने तिसरी पाळी देणार नाही म्हणाला. बोलण्याच्या ओघात चर्चचा विषय निघाला तर त्याने विचारलं, "तू ख्रिश्चन आहेस? बारा वर्षं झाली की रे!" पुढच्या खंडेनवमीला त्याने मशीन सर्वांबरोबर पुसलं, हार शेजारच्या पोराला घालायला सांगितला, मी आरतीला उभा राहत नाही म्हणाला. कुणाचं काही बिघडलं नाही. ज्याची त्याला बारा वर्षं भीती होती ती गोष्ट एवढीच.

मुलीला काय सांगितलं ते तो लिहू नको म्हणाला.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसबद्दल त्याची माझ्याशी खूप दिवस हुज्जत चालली. ठाण्यातल्या एका शाळेच्या वर्गात, मुलांच्या लहान बाकांवर दाटीवाटीने बसून ती सभा भरते. प्रत्येक जण आधी आपलं नाव सांगतो आणि 'मी मद्यपी आहे' म्हणतो. हा बिथरला. "ख्रिस्तात मी नवी उत्पत्ती आहे ना? जुनं गेलं ना? मग रोज उठून मी मद्यपी आहे असं का म्हणायचं? हे तर देवाला खोटं पाडणं झालं." प्रश्न वरवरचा नव्हता, माझ्या ओळखीतली कितीतरी ख्रिस्ती माणसं याच प्रश्नावरून एए सोडून गेली आहेत.

मी त्याला आधी इतिहास सांगितला. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ या दोन पिणाऱ्या माणसांच्या भेटीतून एए उभी राहिली. आपला दोष मान्य करणं, तो दुसऱ्या माणसाजवळ बोलून दाखवणं, ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई करणं या गोष्टी त्यांनी ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीतून घेतल्या. वांद्र्याला १९८१ मध्ये फादर जो परेरांनी कृपा फाउंडेशन काढलं, ते स्वतः या आजारातून गेलेले. म्हणजे हे काही परक्यांचं घर नव्हतं. पण इतिहासाने त्याचं समाधान झालं नाही आणि ते बरोबरच होतं.

मग आम्ही बायबलमधल्या पौलाच्या पत्रांकडे गेलो. नव्या उत्पत्तीचं वचन पौलाचंच, आणि जे करू नये वाटतं तेच माझ्या हातून होतं, मी किती कष्टी माणूस, असं रोमकरांना लिहिणाराही पौलच. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची. मला वाटतं त्याचा घोटाळा असा झाला होता: तो पहिलं वाक्य लोकांसमोर म्हणायचा आणि दुसरं बारमध्ये एकट्याने. दोन्ही वाक्यं एका खोलीत, माणसांदेखत म्हणता येतील अशी जागा त्याला आम्ही कधी दिली नव्हती. आम्हा प्रोटेस्टंटांकडे पापकबुलीची प्रार्थना सगळे मिळून एका सुरात म्हणतात. त्यात 'आम्ही' असतो. त्या 'आम्ही'च्या मागे माणूस वीस वर्षं लपू शकतो.

शेवटी त्याने आपली वाट काढली. त्या बाकावर तो आधी आपलं बाप्तिस्म्याचं नाव घेतो, जे कंपनीतही कुणाला माहीत नव्हतं, आणि मग पुढचं म्हणतो. त्याच्या सोबत्याने, एका वारकरी घरातल्या निवृत्त बस कंडक्टरने, त्याला सांगितलं होतं, "तू पहिलं नाव नीट घे. दुसरं आपोआप येतं." त्या कंडक्टरच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. रात्री अकराला फोन केला तर तोच उचलतो. एकदा तोही फोन उचलला गेला नाही, तेव्हा याने १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक लावला आणि तलफ ओसरेपर्यंत पलीकडच्या माणसाशी बोलत राहिला. तलफ अशीच असते. चढते, अर्ध्या तासात उतरते. त्या अर्ध्या तासात पोटात काहीतरी घालायचं, एकटं राहायचं नाही, एवढं त्याला पाठ झालं आहे. कामावरून येताना तो आता ठाणे स्टेशनला उतरतच नाही. रबाळ्याहून दिघा, विटाव्यामार्गे बसने थेट कळव्याला येतो. वेळ जास्त लागतो.

मनुके

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी त्याच्याशी आणि बायकोशी बोलून डायसल्फिराम सुरू केलं. या गोळीवर असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. म्हणूनच ती माणसाला सांगून, त्याच्या संमतीने द्यायची असते. जेवणात चोरून गोळी मिसळणाऱ्या बायका आणि आया मी पाहिल्या आहेत. त्यांचं दुःख मला कळतं, पण त्यात जीव जाऊ शकतो. आणि हे औषध घेणाऱ्याला दारूचा थेंबही चालत नाही, खोकल्याच्या काही औषधांतलाही नाही.

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीचा, प्रश्न इथे आला. आमच्याकडे त्या वेळी प्रभुभोजनात द्राक्षारस, म्हणजे खरी वाइनच असायची. पहिल्या महिन्यात सगळे पुढे गेले तेव्हा तो बाकावर बसून राहिला. मागून एका बाईंनी खुणेने विचारलं, का? दुसऱ्या महिन्यातही तो बसला. दारूतून सुटलेला ब्रदर मेजाजवळ का जात नाही, यावर बाहेर मांडवात चर्चा झाली. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, मी मंडळीच बदलतो.

तोवर त्याच्या यादीतला सहावा माणूस, पाळक, बाकी होता. तो गेला आणि साक्षीचं, जून ते डिसेंबरचं, सगळं सांगितलं. पाळक वयाने त्याच्याहून लहान. ऐकून घेतलं, आणि एकच विचारलं की तुमच्यासाठी वेगळा पेला ठेवू का? वेगळा पेला म्हटल्यावर याच्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल ते मी ओळखू शकते; नगरकडच्या आमच्या घरांना वेगळ्या पेल्याची आठवण पिढ्यानपिढ्यांची आहे. पाळकांनी ते लगेच ताडलं असावं. पुढच्या महिन्यापासून महिला मंडळाने सगळ्या मंडळीसाठी काळ्या मनुकांचा रस करायला सुरुवात केली. जाहीर काही केलं नाही. दोघातिघांनी तक्रार केली, पंचांच्या सभेत अर्धा तास गेला, आणि रस राहिला.

१० नोव्हेंबर २०२४ ला, वडिलांच्या स्मृतिदिनी, तो पुन्हा एकदा प्यायला. गोळी डॉक्टरांनी नऊ महिन्यांनंतर थांबवली होती. कबरस्तानातून परतताना एक क्वार्टर. पण मागच्या वेळी जे सहा महिने लपवलं होतं ते या वेळी पाच तासांत बाहेर आलं. आधी कंडक्टरला, मग घरी जाऊन बायकोला. माझ्यापर्यंत शुक्रवारी पोचलं. त्याने वहीत मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली. मी त्याला म्हणाले की आधीचे अकरा महिने वाया गेले असं मी धरत नाही. तो म्हणाला, मीही नाही, पण वहीत खरा आकडा राहू दे.

मंगळसूत्र हप्त्या-हप्त्याने सोडवून झालं आहे. बायकोने ते परत गाठवून घेतलं, पण क्रूस अजून लावलेला नाही. तो तिने स्वतःजवळ ठेवला आहे आणि कधी लावायचा ते ती ठरवेल. त्याने तिला त्याबद्दल विचारलेलं नाही.

मेळाव्यांची बोलावणी अजून येतात. तो नाही म्हणतो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मात्र संध्याकाळी मंडळीच्या स्वयंपाकघरात असतो. गेल्या वेळी मी तिथे होते. मनुके उकळून, कुस्करून, पांढऱ्या मलमलीतून गाळून झाले होते. पितळी ताटांत इवलेसे काचेचे पेले मांडलेले, एकेकात चमचाभर रस मावेल एवढे. तो स्टीलच्या चहाच्या किटलीने भरत होता. किटलीची चोच पेल्याच्या काठाला न टेकवता धार सोडायची, काठाच्या खाली बरोबर थांबायचं, पुढच्या पेल्याकडे जायचं. मी पेल्यांकडे बघत नव्हते, त्याच्या मनगटाकडे बघत होते. बायको पलीकडून मोजत होती. चौऱ्याऐंशी, म्हणाली, उद्या बाप्तिस्मा आहे, पाहुणे येतील, कमी पडतील. त्याने किटली खाली ठेवली आणि आणखी मनुके धुवायला नळावर गेला.